विडी कामगार महिलांमधलं डिप्रेशन : पीएचडीचा आराखडा तपासून हवा आहे

केगाव_संशोधक विचारतात :

नमस्कार. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात मानसशास्त्राच्या पीएचडीसाठी सिनॉप्सिस तयार करते आहे. विषय : घरी विड्या वळणाऱ्या महिलांमधल्या डिप्रेशनची कारणं आणि त्यावरचा कमी खर्चाचा उपचार.

सध्याचा आराखडा असा. सकाळी कारखान्यात विड्या द्यायला येणाऱ्या ३०० महिला रांगेतच गाठायच्या. पीएचक्यू-९ (डिप्रेशनच्या लक्षणांची नऊ प्रश्नांची मोजपट्टी, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण) गूगल फॉर्मवर भरून घ्यायचा, नाव घ्यायचं नाही. सोबत वय, शिक्षण, रोजच्या विड्या, मजुरी, नवऱ्याचं व्यसन. स्कोअर १० किंवा त्याहून जास्त आला तर 'डिप्रेशन आहे' धरायचं. त्यातल्या ३० जणींना आठ आठवडे समुपदेशन देऊन पुन्हा पीएचक्यू-९ घ्यायचा. लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाशी जोडलेलं संप्रेरक) किंवा सेरोटोनिनचा (मेंदूतल्या एका संदेशवाहक रसायनाचा) जीन तपासला तर प्रबंधाला वजन येईल, असंही सुचवलं गेलं आहे.

आरआरसीसमोर (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीसमोर) जाण्याआधी जाणकारांनी हे कठोरपणे तपासावं. नमुना किती घ्यावा, कोणती मोजपट्टी वापरावी आणि एथिक्स कमिटी कुठे अडवेल, हे मुख्य प्रश्न आहेत.

---

मनोविकार_ओपीडी :

विषय सोलापुरात व्हायलाच हवा असा आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. त्यातला सध्याच्या डिप्रेशनचा २.७ टक्के हा आकडा प्रस्तावनेत चालेल, पण सोलापूरचा आकडा म्हणून वापरू नका.

सर्वांत आधी पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. निनावी गूगल फॉर्मवर एखाद्या बाईने तिथे 'जवळजवळ रोज' निवडलं, तर ती कोण हे तुम्हाला कळणारच नाही. एथिक्स कमिटी इथेच अडवेल, आणि अडवायलाच हवं. अर्जावर फक्त कोड क्रमांक ठेवा. कोड आणि नाव-पत्ता जोडणारी यादी वेगळ्या वहीत, कुलपात, तुमच्या आणि गाईडच्या ताब्यात. संमतीपत्रात स्पष्ट लिहा की माहिती गुप्त राहील, मात्र जिवाला धोका वाटला तर मदतीसाठी योग्य व्यक्तीला सांगावं लागेल.

नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं, तर अर्ज बाजूला ठेवून त्याच बैठकीत पुढचं विचारायचं : विचार कधीपासून आणि किती वेळा येतात, काही ठरवलं आहे का, त्यासाठीची वस्तू हाताशी आहे का, याआधी प्रयत्न झाला होता का. ठरवलेलं असेल किंवा अलीकडे प्रयत्न झाला असेल तर तिला एकटं सोडायचं नाही. तिच्या विश्वासातलं माणूस बोलवायचं आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात सोबत जायचं. नुसती चिठ्ठी देऊन पाठवलेली बाई बहुतेक वेळा पोहोचत नाही. त्या विभागाची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो प्रत्येकीला द्या, स्कोअर काहीही असो. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. मुलाखत घेणाऱ्या मुलींना हे पहिल्याच दिवशी समजावा, नाहीतर त्या प्रश्न पुटपुटून पुढे सरकतात.

आता निदान. पीएचक्यू-९ चाळणी आहे. दोन आठवड्यांत नऊपैकी किमान पाच लक्षणं, त्यात उदासपणा किंवा रस जाणं यापैकी एक, आणि रोजच्या कामात अडथळा, हे समोरासमोरच्या मुलाखतीतच ठरतं. त्यासाठी एमआयएनआय किंवा एससीआयडीसारखी रचलेली मुलाखत लागते, आणि ती शिकलेलं माणूस लागतं. पूर्वी कधी चार-सात दिवस झोप कमी होऊनही थकवा नव्हता, बोलणं सुटलं होतं, पैसे उधळले होते का, हेही विचारा. बायपोलरची सुरुवात बऱ्याचदा डिप्रेशननेच होते आणि पीएचक्यू-९ ला त्यातला फरक कळत नाही. अशा रुग्णाला नुसतं अँटिडिप्रेसंट सुरू झालं तर उन्माद उसळू शकतो. तुम्ही औषध देणार नाही, तरी तुमच्या चिठ्ठीवर 'डिप्रेशन' वाचून दुसरं कोणी देईल.

थायरॉइड आणि रक्तक्षय विसरू नका. थकवा, झोप आणि भूक हे पीएचक्यू-९ चे तीन प्रश्न हिमोग्लोबिन ८ असलेली बाईसुद्धा 'रोज' म्हणून भरते. गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठी १२ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय धरतात. बोट टोचून तपासणारं यंत्र वस्तीत नेता येतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सगळ्यांचं परवडत नसेल तर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काहींचं करा, पण स्कोअर जास्त आलेल्या आणि कमी आलेल्या, दोन्ही गटांतून. फक्त पॉझिटिव्ह बायकांचं रक्त तपासलं तर थायरॉइडचा आणि डिप्रेशनचा संबंध तुम्ही स्वतःच तयार केलेला असेल.

आणखी एक. बेक डिप्रेशन इन्व्हेंटरीच्या झेरॉक्स विद्यार्थ्यांमध्ये फिरत असतात. ती मोजपट्टी प्रकाशकाच्या हक्काची आणि विकत घेण्याची आहे. पीएचक्यू-९ मोफत आहे.

---

पीएसएम_सांख्यिकी :

वरच्या उत्तराशी सहमत. मी आकड्यांकडे येतो.

रांगेतला नमुना या अभ्यासाला मारक आहे. ज्या बाईचं डिप्रेशन तीव्र आहे तिचं वळणं कमी होतं, मग थांबतं, किंवा तिच्या विड्या मुलगी पोहोचवते. ती रांगेत येतच नाही. रांगेत भेटतात त्या त्यातल्या त्यात धडधाकट. म्हणजे प्रमाण कमी दिसणार, आणि 'विडीकामाचा मनावर परिणाम नाही' असा चुकीचा निष्कर्षही निघू शकतो. नमुना घरांतून घ्या. कुंभारीची गोदूताई परुळेकर ही विडी कामगारांची वसाहत आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या ठरावीक गल्ल्या घेऊन आधी घरयादी करा : सध्या विड्या वळणाऱ्या आणि गेल्या पाच वर्षांत सोडलेल्या, दोन्ही. सोडलेल्या बायका यादीत नसतील तर रांगेचीच चूक घरात शिरली असं समजा. यादीत ४,००० नावं आणि हवी ४०० असतील तर दर दहावं नाव, आणि पहिलं नाव १ ते १० मधून चिठ्ठी काढून. दार बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जा. शेजारचं उघडं घर बदली म्हणून घेऊ नका.

नमुन्याचा आकार प्रश्नावर ठरतो. 'प्रमाण किती' एवढंच हवं असेल आणि २० टक्क्यांचा अंदाज, ५ टक्के चूक चालणार असेल, तर :

१.९६ × १.९६ × ०.२० × ०.८० ÷ (०.०५ × ०.०५) = २४६

एका गल्लीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात, म्हणून दीडपट : ३६९. दहा टक्के नकार धरून ४१०. प्रत्यक्ष मुलाखत झालेल्या ३६९ मधल्या २० टक्के म्हणजे सुमारे ७४ पॉझिटिव्ह. एका घटकामागे दहा पॉझिटिव्ह या ठोकताळ्याने सांख्यिकी मॉडेलमध्ये सातच घटक बसतील. तीस प्रश्नांची वैयक्तिक माहिती गोळा करून सगळी मॉडेलमध्ये ओतण्याची पद्धत इथेच फसते.

पण तुमच्या शीर्षकात 'कारणं' आहे. त्यासाठी विड्या न वळणाऱ्या बायकांचा गट लागेल, त्याच गल्लीतला, वयात फार तर पाच वर्षांचा फरक. एका गटात २० आणि दुसऱ्यात १२ टक्के असा फरक पकडायला, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरून, प्रत्येक गटात ३२६ बायका हव्यात, तेही दीडपट आणि नकार धरण्याआधी. एवढं करूनही एका वेळच्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. रोजच्या विड्या आणि मजुरी हे घटक तर उलटे धावतात : मन खचलं की विड्या कमी होतात, आणि तक्त्यात मात्र 'कमी मजुरीमुळे डिप्रेशन' असं दिसतं. त्यापेक्षा आजाराच्या आधी घडून गेलेलं विचारा : विड्या कोणत्या वयात सुरू केल्या, शाळा त्याआधी सुटली की नंतर, किती वर्षं वळल्या. पीएफची नोंद किंवा ओळखपत्रावरची तारीख असेल तर तिच्याशी ताडून घ्या. शीर्षकात 'कारणं' ऐवजी 'संबंधित घटक' लिहा.

१० ची रेषा. मूळच्या २००१ च्या अभ्यासात या रेषेवर संवेदनशीलता (आजारी असलेल्यांपैकी किती पकडल्या) आणि विशिष्टता (आजारी नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळल्या) दोन्ही ८८ टक्के होत्या. ऐकायला भारी वाटतं. ४०० बायकांत खरं डिप्रेशन ५ टक्क्यांना, म्हणजे २० जणींना आहे असं समजा. त्यातल्या १८ पकडल्या जातील. उरलेल्या ३८० मधल्या १२ टक्के, म्हणजे ४६, विनाकारण पॉझिटिव्ह येतील. एकूण ६४ पैकी खऱ्या १८. दर शंभर पॉझिटिव्हमागे सत्तरहून जास्त जणींवर चुकीचा शिक्का. म्हणून दोन टप्पे करा : सर्व पॉझिटिव्ह आणि चिठ्ठीने निवडलेल्या १५-२० टक्के निगेटिव्ह, या सगळ्यांची निदान-मुलाखत. मुलाखत घेणाऱ्याला स्कोअर माहीत नसावा.

आता त्या ३० जणींचं समुपदेशन. स्कोअर जास्त म्हणूनच निवडलेल्या बायका पुन्हा मोजल्या की काहीही न करता सरासरी खाली येते, कारण पहिल्या वेळी त्यांतल्या कित्येकींचा आठवडाच वाईट गेलेला असतो. शिवाय डिप्रेशनचे काही झटके आपोआप ओसरतात, आणि जिने आपुलकीने विचारपूस केली तिला 'बरं वाटतंय' असंच सांगितलं जातं. तुलनेचा गट नसलेले 'आधी-नंतर' प्रबंध म्हणूनच बहुधा यशस्वी दिसतात. त्यातून उपचाराबद्दल काहीही कळत नाही. खरी चाचणी हवी तर मध्यम परिणामासाठी, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाच्या (स्कोअर सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाच्या) फरकासाठी, प्रत्येक गटात ६४, गळती धरून ८०. १६० निदान झालेल्या बायका तुमच्या सर्वेक्षणातून मिळणारच नाहीत. एका पीएचडीत दोन्ही बसत नाही. एक सोडा.

---

अशोक_चौक :

मोजपट्टीची भाषा हा इथला मोठा प्रश्न आहे आणि त्याकडे अजून कोणी बोट दाखवलं नाही. पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, शाळा झाली असेल तर मराठी, आणि अक्कलकोट बाजूच्या घरांत कन्नड. तेलुगू बोलणाऱ्या कित्येकींना तेलुगू लिपी वाचता येत नाही. म्हणजे तेलुगू अर्ज छापून उपयोग नाही. तोंडीच विचारावं लागेल आणि मुलाखत घेणारी त्या भाषेतली हवी. आंध्र-तेलंगणात वापरला जाणारा अनुवाद इथल्या मराठीमिश्रित तेलुगूत पुस्तकी वाटतो. मोफत मिळणारा अनुवाद घ्या, मग आठ-दहा जणींना एकेक प्रश्न वाचून 'अक्का, हे तुमच्या शब्दांत सांगा' म्हणा. प्रश्न कुठे अडतो ते तेव्हाच कळतं.

सातव्या प्रश्नात लक्ष लागण्याचं उदाहरण वर्तमानपत्र आणि टीव्हीचं आहे. निरक्षर बाई 'मी वाचतच नाही' म्हणून शून्य सांगते. तिथे विड्यांची मोजणी चुकण्याचं उदाहरण जोडता येईल, पण ते सगळ्यांना सारखंच जोडा आणि पद्धतीच्या प्रकरणात नोंदवा. न वळणाऱ्या गटासाठी दुसरं सारख्या वजनाचं उदाहरण लागेल, उदाहरणार्थ दुकानातला हिशेब. आठवा प्रश्न एकाच दमात दोन उलट गोष्टी विचारतो, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ येरझारा. तोडून विचारा आणि दोन्हींतलं मोठं उत्तर धरा.

'काही दिवस' आणि 'अर्ध्याहून जास्त दिवस' यातला फरक तोंडी सांगून पोहोचत नाही. १४ चिंचोके बरोबर ठेवा. 'गेल्या चौदा दिवसांतले किती दिवस असं झालं, तेवढे बाजूला काढा.' ०-१ म्हणजे शून्य, २-६ म्हणजे एक, ७-११ म्हणजे दोन, १२-१४ म्हणजे तीन. दिवसांचे हे गट याआधीच्या मोठ्या पाहण्यांत वापरले गेले आहेत, त्यामुळे परीक्षकाला उत्तर देता येतं. दोन आठवड्यांची सुरुवात पक्की करायला आठवडी बाजार किंवा अमावास्या-पौर्णिमेचा आधार घ्या.

बाई उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन वळत बसलेली असते, बाजूला सासू, जाऊ, शेजारीण. हात चालू ठेवून ती बोलते आणि तिची मजुरी बुडत नाही, म्हणून हे सोयीचं वाटतं. पण नवऱ्याच्या दारूचा किंवा मारहाणीचा प्रश्न तिथे विचारायचा नाही. खोटं उत्तर मिळेल ते मिळेलच, रात्री तिला त्याचे परिणामही भोगावे लागतील. आत बसून, सूप बाजूला ठेवून, पाऊण तास. दिवसाला हजार विड्या आठ-दहा तासांत होतात असं धरलं तर तेवढ्या वेळात पाऊणशे ते शंभर विड्या जातात. त्याची मजुरी भरून द्या आणि ते एथिक्सच्या अर्जात लिहा. बुडालेल्या मजुरीची भरपाई आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बसते. मुकादमाला किंवा ठेकेदाराला ओळख करून द्यायला लावू नका. त्याच्यासमोर 'नाही' म्हणता येत नाही, आणि अशी संमती संमती नसते. अंगठा असेल तर त्रयस्थ साक्षीदाराची सही हवी, आणि तो साक्षीदार तुमच्या टीममधला नसावा.

मिशरी वेगळी विचारा, दिवसातून किती वेळा तेही. तंबाखूची धूळ आणि त्वचेतून जाणारं निकोटीन विडीकामातून मिळतंच. मिशरी त्यावर भर घालते, झोप बिघडवते, आणि 'व्यसन आहे का?' असं विचारलं तर 'नाही' हेच उत्तर येतं.

---

बायोकेम_लॅब :

कॉर्टिसॉल आणि जीन, दोन्ही काढून टाका. आकर्षक वाटतात, पण या आराखड्यात त्यांतून ज्ञान निघत नाही.

सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या जीनचा २००३ चा अभ्यास गाजला : या जीनचा आखूड प्रकार आणि आयुष्यातले आघात मिळून डिप्रेशन वाढतं, असा. त्यावर जगभर शेकडो लहान अभ्यास झाले. २०१९ मध्ये अशा १८ गाजलेल्या जीन्सची लाखोंच्या नमुन्यात एकत्र तपासणी झाली, तेव्हा हाती काहीच लागलं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून डिप्रेशनचा आनुवंशिक वाटा सुमारे ३७ टक्के येतो आणि बायपोलरचा त्याहून बराच जास्त. पण तो वाटा शेकडो-हजारो जागांवर कणाकणाने विखुरलेला आहे. ४०० नमुन्यांत एक जीन तपासून जे दिसेल तो योगायोग असेल.

लाळेतलं कॉर्टिसॉल उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात चढतं आणि दिवसभर उतरतं. पहिला नमुना डोळे उघडताच, दुसरा अर्ध्या तासाने, त्याआधी चहा नाही, मिशरी नाही, चूळही नाही. वेळ पंधरा मिनिटांनी चुकली तरी आकडा बदलतो. घरातल्या पहाटेच्या कामात ही शिस्त पाळली जाणं अवघड आहे. बीडीएनएफ (चेतापेशींच्या वाढीशी संबंधित प्रथिन) सुचवलं जाईल, तर त्यालाही नाही म्हणा. सीरममधलं बीडीएनएफ मुख्यतः प्लेटलेट्समधून येतं, त्यामुळे रक्त गोठायला किती वेळ दिला यावर ते हलतं.

प्रस्तावनेत 'सेरोटोनिन कमी झाल्याने डिप्रेशन होते' हे वाक्य येऊ देऊ नका. या कल्पनेच्या मुळाशी आपलीच सर्पगंधा आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा उपयोग जगापुढे मांडला. पुढे तिच्यातल्या रेसर्पिनने काही रुग्ण उदास होतात असं दिसलं आणि ते मेंदूतली मोनोअमाइन्स (सेरोटोनिनसारखी संदेशवाहक रसायनं) रिकामी करतं हेही कळलं. तिथून सिद्धांत उभा राहिला. पण औषधाने सेरोटोनिनची पातळी काही तासांत बदलते आणि रुग्णाला उतार पडायला दोन ते चार आठवडे लागतात. मधल्या काळात काय होतं, हाच आजच्या संशोधनाचा प्रश्न आहे. तो तसाच मांडा.

प्रयोगशाळेचे पैसे हिमोग्लोबिन आणि टीएसएचवर घाला.

---

केगाव_संशोधक :

सर्वांचे मनापासून आभार. जीन आणि कॉर्टिसॉल काढते. घरयादीवरून दोन गट, दोन टप्पे आणि शीर्षकात 'संबंधित घटक', असं बदलते आहे. दोन शंका राहिल्या. उपचाराचा भाग पूर्ण सोडवत नाही, पॉझिटिव्ह बायकांना नुसतं शोधून काढायचं आणि निघून यायचं हे मनाला पटत नाही. काय करता येईल? आणि मार्चमध्ये मंजुरी मिळाली तर एप्रिल-मेमध्ये फील्डवर्क चालेल का?

---

मनोविकार_ओपीडी :

पटत नाही हे योग्यच आहे. निदान झालेल्या प्रत्येकीला उपचारापर्यंत पोहोचवणं हा अभ्यासाचा भाग करा, आणि किती जणी पोहोचल्या, कुठे गळल्या, का गळल्या हे मोजा : बसभाडं, ओपीडीची वेळ, नवऱ्याचा नकार, की 'वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला'. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात डिप्रेशनमध्ये उपचाराविना राहिलेल्यांचं प्रमाण ८५ टक्के आलं होतं. ते नेमकं कुठे तयार होतं हे सोलापुरात पाहणं हे स्वतंत्र संशोधन आहे.

समुपदेशन द्यायचंच असेल तर त्याला ठरलेली पद्धत हवी. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. गाभा वर्तन-सक्रियतेचा : रुग्णाचा दिवस तासातासाने लिहून घ्यायचा, मन कशाने आणखी खचतं ते पाहायचं, आणि बंद पडलेली छोटी कामं ठरलेल्या वेळेला पुन्हा सुरू करायची. इथे ते सोलापुरी तेलुगूत बसतं का, बायका किती बैठकांना येतात, समुपदेशक पद्धत पाळतात का, एवढंच २०-३० जणींमध्ये पाहा आणि त्याला 'व्यवहार्यता अभ्यास' म्हणा. परिणामाचा दावा करू नका. तरीही उपचार देताय म्हणजे पहिली बाई घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी करा, नंतर केलेली जर्नल्स मानत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ९९ प्रमाणे मुलाखतीसाठीही रुग्णाची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही तिच्या जागी चालत नाही.

---

पीएसएम_सांख्यिकी :

एप्रिल-मे नको. सोलापुरात पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या खोलीत कोणाचीच झोप पुरी होत नाही, भूक मरते, अंग गळून जातं. तिसरा, चौथा आणि पाचवा प्रश्न सगळ्यांचेच वर चढतील. एक गट एप्रिलमध्ये आणि दुसरा ऑगस्टमध्ये घेतलात तर उन्हाळाच कारण म्हणून निघेल. पायलट मेमध्ये उरका : ४० जणी, भाषा, चिंचोके, आणि दोन मुलाखत घेणाऱ्यांची उत्तरं एकमेकींशी किती जुळतात ते. मुख्य काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवा. दोन्ही गट दर आठवड्याला सारख्या प्रमाणात घ्या. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याच्या यात्रेचे दिवस सोडा. त्या दिवसांत घरी कोणी सापडत नाही, आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांतल्या उत्तरांत यात्राही मिसळलेली असते, म्हणून त्या मुलाखतींवर तारखेची खूण ठेवा.

विश्लेषण करताना पूर्ण स्कोअरबरोबर तिसरा, चौथा आणि पाचवा प्रश्न वगळूनही एकदा निकाल काढा. दोन्हींत तोच घटक टिकला तर त्याबद्दल बोलता येईल.

---

अशोक_चौक :

पायलटच्या ४० जणी मुख्य यादीतून कायमच्या वगळा. त्यांच्या गल्लीतल्या शेजारणींनाही प्रश्न आधीच कळलेले असतात, त्यामुळे पायलटसाठी पूर्ण वेगळी गल्ली निवडा. मुलाखत घेणाऱ्या मुलींना त्यांच्या स्वतःच्या गल्लीत पाठवू नका. ओळखीच्या मुलीला अक्का नवव्या प्रश्नाचं खरं उत्तर देत नाहीत.